उकंडाजींची तीनचाकी

ड्रॉइंग मास्तर म्हणून मी आयुष्यभर फळ्यावर आंबे, केळी आणि पाण्याचे घडे काढले. ते कुणाला हवे होते म्हणून नव्हे, अभ्यासक्रमात होते म्हणून. कुणाला खरोखर गरज होती म्हणून मी काढलेलं चित्र एकच. त्यासाठी मी आठवडाभर पट्टी, गुण्या आणि शाई घेऊन बसलो होतो. ज्यांच्यासाठी काढलं त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, मग हात लांब करून पाहिलं, "लय सुंदर हाय मास्तर," म्हणाले आणि त्यावर भजी ठेवून खाल्ली.

ते गृहस्थ म्हणजे उकंडाजी. वणीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होते. सत्तावन साली मी तिथल्या शाळेत रुजू झालो तेव्हा मला खोली मिळाली ती त्यांच्या घराला लागून. मधली भिंत कुडाची. तिच्यातून त्यांचा आवाजच काय, त्यांच्या फोडणीचा ठसकाही इकडे येई. त्यामुळे शेजारधर्म पाळायचा की नाही हा प्रश्न कधी उभा राहिला नाही.

उकंडा म्हणजे उकिरडा. हे नाव माणसाला कसं काय, असं मी नवखेपणी विचारलं होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून चौथं मूल जन्मल्याबरोबर त्यांच्या आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून घेतलं. नेणाऱ्याला वाटावं, हे टाकलेलंच आहे, याला काय न्यायचं. युक्ती चालली. उकंडाजी जगले, पावणेसहा फूट वाढले, आणि जिनमधल्या इंजिनावर ओरडण्याइतका आवाज त्यांनी कमावला. तोच आवाज ते घरी "मास्तर, मीठ हाय का?" एवढं विचारायलाही वापरत.

त्याला कारण होतं. दिवसभर जिनच्या घरघरीत उभं राहायचं म्हणून ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून असत. कामावरून आल्यावरही ते काढायचे राहून जात. समोरच्या माणसाला किती मान द्यायचा ते या बोळ्यांवर ठरे. माझ्याशी बोलताना एक बोळा निघे. आमच्या हेडमास्तरांशी बोलताना एकही निघत नसे. इंजिनाशी मात्र दोन्ही कान मोकळे. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग "तीन नंबरची बेरिंग रडून राह्यली," असा निकाल. खोलून पाहिलं की तीन नंबरचीच बेरिंग निघे. एकदा मला पंधरा दिवस खोकला झाला होता, तर तेच पेचकस त्यांनी माझ्या छातीला लावलं. "मशीन चांगली हाय. तेल कमी पडून राह्यलं. तूप खात जा," असं म्हणून ते निघून गेले. पेचकसाला ग्रीस लागलेलं होतं. माझा सदरा त्यानंतर सदरा राहिला नाही.

त्यांच्याकडे मोटारसायकल होती. लढाई संपल्यावर फौजेनं भंगारात काढलेली ही गाडी त्यांनी नागपूरहून तुकड्यातुकड्यांनी आणून अंगणात जोडली होती. लोक तिला फटफटी म्हणत. ती कुठेही, कुणाच्याही कामाला निघत नसे. फक्त रविवारी सकाळी निघे आणि मुकुटबनाच्या वाटेवर, पक्की सडक सोडून तीन मैल आत असलेल्या एका गावी जाई. तिथे उकंडाजींची एकुलती एक लेक दिली होती. वच्छला.

एकदा मी मागे बसून गेलो होतो. गाव आलं. गल्लीच्या शेवटी वच्छलाच्या सासरचं मोठं फाटक होतं, बैलांची बंडी आत जाईल एवढं. उकंडाजींनी फाटकासमोर गाडी पुरी वळवली, तिचं तोंड वणीकडे केलं आणि मग थांबवली. इंजिन बंद केलं नाही. डावा पाय जमिनीला टेकवला आणि दोन्ही कानांतले बोळे काढून खिशात घातले. फटफटीचा आवाज ऐकून वच्छला धावतच आली होती. ती फाटकाच्या आत उभी राहिली, हे बाहेर.

"बरी हाय ना माय?"

"हो! तुमी?"

"मी बरा! जावई?"

"वावरात गेले!"

सगळं ओरडून, कारण मधे इंजिन धडधडत होतं. त्यांनी जिलबीचा पुडा दिला. तिनं पाण्याचा गडवा पुढे केला. त्यांनी हात जोडले. तिनं तोच गडवा माझ्याकडे वळवला आणि मी घटाघटा प्यालो. पाच मिनिटांत आम्ही परत निघालो. जाऊन येऊन तीस मैल, कशासाठी तर पाच मिनिटांच्या ओरडण्यासाठी. मला मोठी गंमत वाटली होती.

गंमत नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बरेच लोक ती सोयीनं पाळतात. चहाला पाणी धरत नाहीत, फराळाला अन्न धरत नाहीत. उकंडाजी ती पक्की पाळत. वच्छलाच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. पुढे चार झाली, सहा झाली. उकंडाजी फाटकाबाहेरच उभे.

मग अपघात झाला. एकसष्टचा कापसाचा हंगाम भरात होता. प्रेसमधून निघालेल्या गाठींची थप्पी लावलेली होती. वरची एक गाठ सुटली आणि गडगडत येऊन त्यांच्या डाव्या पायावर बसली. पाय दोन ठिकाणी मोडला, गुडघ्याचा भुगा झाला. दवाखान्यात सहा आठवडे, मग घरी खाटेवर, कमरेपासून टाचेपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर भले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पाय वाचला आहे. चालाल. पण गुडघा आता वाकायचा नाही."

उकंडाजींनी विचारलं, "अन् फटफटी?"

"ते सोडा. गाडी थांबली की डावा पाय टेकता येणार नाही. आडवे व्हाल."

मी खाटेशी उभा होतो. पाय मोडला तेव्हा हूं की चूं न केलेला हा माणूस हे ऐकून भिंतीकडे तोंड करून निजला.

वच्छला आठ दिवस येऊन राहून गेली. बापाचं सगळं केलं. पण ती जाताना उकंडाजी आणखीच खचले. मला म्हणाले, "मास्तर, लेक बापाकडं येते ते येगळं. बाप लेकीच्या फाटकाशी उभा राह्यते ते येगळं. घरच्यायले दिसते का पोरीच्या मांगं कोनी हाय. मूलबाळ नसलेल्या बाईले ते लागतेच."

मी म्हणालो, "एसटीनं जा. सडकेवर व्याह्यांची बंडी बोलवा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चार बुकं शिकून हा एवढंच शिकला का. "इवाई बंडी पाठवतीन. बंडी घरी जाईन. बैल सोडा लागतीन. बैल सोडले का मानूस पाव्हना झाला. पाव्हना झाला का पाट मांडला. मंग नाई म्हनता येते का? फटफटीले सोडा लागत नाई मास्तर. ते उभीच राह्यते."

थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाजात, ते म्हणाले, "वच्छीची माय बाळंतपनात गेली. पोटातलं लेकरूबी गेलं. माह्या मायचे तीन गेले. आमच्या घराले हे हायेच. माह्या हातून रीत चुकली अन् त्याचं काई पोरीच्या पदरात पडलं, त मी कोनाले तोंड दाखवू?" त्या वेळी त्यांच्या दोन्ही कानांत बोळे होते. मी काय उत्तर देतो ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

प्लॅस्टरवर कोळशानं काहीतरी काढलेलं मला दिसलं ते महिनाभरानं. मी आधी ते बैलबंडीचं चित्र समजलो. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "मागं दोन चाकं लावली त पाय टेकाचं कामच नाई. थांबली तरी उभीच राह्यन." चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्या चित्राला नावं ठेवायचा धीर झाला नाही. मीच म्हणालो, मी नीट काढून देतो. त्या चित्राचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

काम त्यांच्या अंगणात चाललं. लोखंडाचं उकंडाजींच्या देखरेखीखाली, लाकडाचं हरबाजी सुतारांच्या हातून. हरबाजी बंड्या बनवणारे. सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्या बंड्या. उकंडाजी खाटेवर पडून कुबडीच्या टोकानं हुकूम सोडत आणि हरबाजी ते न ऐकता आपल्याला हवं तेच करत. मागचं चाक काढून तिथे आडवा लोखंडी आस बसवायचा, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. साखळीनं एकच चाक फिरणार, दुसरं नुसतं सोबतीला. दोन्ही चाकांच्या मधे लाकडी पेटी. डाव्या पायाचा ब्रेक काढून त्याला हातानं ओढायची दांडी.

घोडं अडलं ते आसाच्या लांबीवर. माझ्या चित्रात दोन चाकांमधलं अंतर तीन फूट होतं. मी ते का ठेवलं होतं? चित्रात सुबक दिसत होतं म्हणून. हरबाजींनी चित्रावरची भजी उचलून एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "हे चालत नाई. बंडीचं माप ठेवा. सडकेच्या आत सारी वाट बंडीची हाय. चाकोऱ्या तयार हायेत. चाकं चाकोरीत, पुढचं चाक मधल्या वरंब्यावर. इकडं हालत नाई, तिकडं हालत नाई."

उकंडाजी उठून बसले. "वा हरबाजी! हे डोक्यातच नाई आलं बावा माह्या." मलाही पटलं. आम्ही तिघांनीही आयुष्यभर बंड्या पाहिल्या होत्या. बंडी चाकोरीतून सहज चालते हे तिघांनाही माहीत होतं. ती चाकोरी कुठे जाऊन संपते, एवढंच तिघांपैकी कुणाला सुचलं नाही.

प्लॅस्टर निघालं, लाकडासारखा ताठ पाय बाहेर आला, आणि जिनच्या आवारात तीनचाकीची परीक्षा झाली. चालायची छान. मात्र पेटी रिकामी असली की मागची चाकं उड्या मारत. सरकीचं पोतं ठेवलं की शहाण्यासारखी चाले. तेव्हा पहिल्या रविवारी पेटीत सरकीचं पोतं जाणार हे ठरलं होतं. पण सकाळी उकंडाजींनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पोत्याले बोलता येत नाई मास्तर. तुमी चला." मी पोत्याच्या जागी बसलो. माझी तब्येत तेव्हा तशी होती.

वैशाख लागला होता. सडकेवरून निघालो तेव्हा लोक सायकली थांबवून पाहत होते. उकंडाजींचा ताठ पाय हरबाजींनी केलेल्या फळीवर पुढे पसरलेला, डोक्याला पांढरा फेटा, मिशांना तेल. पुढ्यात जिलबीचा पुडा. पाच महिन्यांनी हा माणूस लेकीच्या फाटकाशी निघाला होता. मला, पोत्याला, सुद्धा गहिवरून आलं.

सडक सोडून आत वळलो. पावसाळ्यातल्या चिखलात पडलेल्या चाकोऱ्या उन्हानं भाजून विटेसारख्या टणक झाल्या होत्या, गुडघ्याच्या निम्म्या खोल. मागची दोन्ही चाकं त्यांत अशी बसली की उकंडाजींनी आनंदानं हँडलवरचे दोन्ही हात सोडून टाळी वाजवली. "हरबाजीले मानलं बावा! पाहा, आपोआप चालली!" खरंच आपोआप चालली होती. तीन मैल आम्ही राजासारखे गेलो.

गल्ली आली. गल्लीला फाटकाकडे उतार होता. उकंडाजींनी नेहमीप्रमाणे गाडी वळवून तोंड वणीकडे करायला हँडल फिरवलं. पुढचं चाक वळलं. मागची चाकं चाकोरीत होती; त्यांना वळायचं काही कारण नव्हतं. पुढचं चाक आडवं घासत, धूळ उडवत, गाडी सरळच निघाली. उकंडाजींनी ब्रेकची दांडी ओढली, पण उतार, गाडीचं वजन आणि माझं वजन. चाकोरी सरळ फाटकातून आत जात होती, कारण व्याह्यांच्या खताच्या बंड्या तिथूनच येत-जात. आम्ही फाटकातून आत गेलो, अंगणातून गेलो, कोंबड्या चारी दिशांना पळाल्या, आणि बैलांच्या गव्हाणीला पुढचं चाक आपटून थांबलो. इंजिन बंद पडलं.

एवढी शांतता त्या घरानं आमच्या येण्यात कधी अनुभवली नसेल. वच्छला ओसरीवर आली होती, पदराला हात पुशीत. म्हातारे व्याही खाटेवरून उठून उभे राहिले. "या या इवाईबुवा," ते म्हणाले. सात वर्षांत म्हणायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

"नाई नाई, निघालोच," उकंडाजी म्हणाले.

निघणार कसे? पुढे गव्हाण, बाजूला चाकोरीची भिंत. उलट जाण्याचा गिअर फटफटीला नसतो. बंडीचं बरं असतं, बैल सोडले की ती ढकलता-फिरवता येते. ही आसाच्या लोखंडानं एवढी जड झाली होती की मी आणि व्याह्यांनी मिळून जोर लावला तर फक्त माझ्या पाठीत उसण भरली. शिवाय मागे चढ. जावई बैल घेऊन वावरात गेले होते. बैल आल्याशिवाय गाडी निघत नाही हे सगळ्यांना कळलं.

"मंग उतरा, सावलीत बसा," व्याही म्हणाले.

उकंडाजी उतरले नाहीत. म्हणाले, इथंच बरं आहे. मला त्यांचा कायदा कळला: ते आपल्या गाडीवर बसले होते, लेकीच्या घरी नव्हते. वच्छलानं गडवा आणला. त्यांनी हात जोडले. मी प्यालो. ऊन चढत गेलं. गाडीचं लोखंड हात लावू देईना. अर्ध्या तासानं वच्छलानं पुन्हा गडवा आणला. पुन्हा हात जोडले. पाच महिने सावलीत पडून राहिलेला माणूस. घाम फेट्यातून कानांवर उतरत होता, ओठ पांढरे पडले होते. मी चिडून म्हणालो, "उकंडाजी, जीव जाईल." ते म्हणाले, "पाहून घेऊ."

एव्हाना गाव जमलं होतं. पुरुष वावरात, म्हणून बायाच जास्त. त्यांनी चाकं मोजली, पेटीत वाकून पाहिलं. शेजारची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि उकंडाजींना न्याहाळून, कसलंही कपट नसलेल्या मायेच्या सुरात म्हणाली, "अजूनबी पानी नाई का वो? मंजे अजून काईच नाई म्हना पोरीले." आणि जिभेनं च् च् केलं. दोन-चार बायांनीही केलं.

इंजिन बंद होतं. ते सगळ्यांना ऐकू आलं.

वच्छला गडवा धरून तशीच उभी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला माझ्या त्या पहिल्या फेरीची, गंमत वाटल्याची लाज वाटली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे आज नाई. दर रविवारी तुमी फाटकातून कोरडे वापस जाता, अन् तुमी गेले का बाया मले इचारतात, अजून नाई का बाप पानी पेत? आठवडाभर कोनाच्या ध्यानात राहत नाई. रविवारी साऱ्या गावाले आठवते."

उकंडाजी तिच्याकडे पाहत राहिले. बेरिंग कुठली रडते ते पेचकसाच्या टोकानं ऐकणारा माणूस. "मले काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"कवा सांगू? तुमची गाडी वाजतच राह्यते. तुमी उतरले कवा?"

ती रडत नव्हती. तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. उकंडाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग मला म्हणाले, "मास्तर, हात द्या."

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं वच्छला. ताठ पाय फळीवरून खाली आणायला वेळ लागला. ते उतरले, कुबडीनं अंगण ओलांडून ओसरीवर गेले आणि पाय पुढे लांब पसरून बसले. मग जिनमधल्या आवाजात, शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात, म्हणाले, "वच्छे, पानी आन. अन् भाकर असन त तेबी आन."

व्याह्यांची पाचावर धारण बसली. "इवाईबुवा, लेकराचं तोंड पाह्यल्याबिगर... रीत हाय आपली..."

"रीत मी मोडून राह्यलो. तिनं नाई मोडली. काई लागन त मले लागन." मग त्या म्हातारीकडे, सगळ्या बायांकडे वळून म्हणाले, "नातू झाला असता त नातवाच्या घरचं पेलो असतो. आता पोरीच्या घरचं पेतो. पोरगी त हायेच ना घरात!"

ते प्याले. अर्धं पाणी मिशांवर आणि सदऱ्यावर सांडलं. दुसरा गडवा प्याले. तिसराही प्याले. वच्छला आत जाऊन रडली, बाहेर येऊन भाकर, पिठलं आणि ठेचा वाढला. बाया हळूहळू पांगल्या. विचारायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. जावई दुपारी बैल घेऊन आले, त्यांनी काही न विचारता बैल तीनचाकीच्या मागच्या बाजूला जुंपले आणि तिला शेपटाकडून ओढत फाटकाबाहेर काढलं.

परतताना सडक लागली. उकंडाजी गाडी थांबवून, मागे न बघता म्हणाले, "मले वाटे मास्तर, मी तिले सांभाळून राह्यलो." मग त्यांनी गाडी पुढे काढली.

त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. पुढचे कितीतरी दिवस कुडापलीकडून ते सकाळी देवापाशी पुटपुटत असलेले ऐकू येत. त्यात वच्छीचं नाव आणि "माह्यावर घे" एवढं कळे. पण रविवारी ते जात, उतरत आणि जेवत. मी एकदा म्हणालो, आस दोन्हीकडून वीतभर कापला तर गाडी चाकोरीत अडकणार नाही, हवी तिथे वळेल. हरबाजींना ते एका दुपारचं काम होतं. उकंडाजी म्हणाले, "राहू द्या. बरोबर घरात नेते." जावई रविवारी बैल वावरात न्यायचे बंद झाले, एवढाच फरक पडला.

मला लोक विचारतात, मग वच्छलाला मूल झालं का? गोष्ट ऐकणाऱ्याला ते हवं असतं. माझी बदली होईपर्यंत तरी झालं नव्हतं. गावातल्या बायांनी विचारणं मात्र सोडून दिलं होतं, कारण विचारायचा मुहूर्तच गेला होता.

सहासष्ट साली माझी राळेगावला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. उकंडाजी सवयीप्रमाणे लेकीकडे गेलेले, म्हणून मीच सायकल काढून निरोप घ्यायला तिकडे गेलो. तीनचाकी गव्हाणीशी उभी होती, तिच्या पेटीत कोंबडी बसली होती. ओसरीवर उकंडाजी ताठ पाय पसरून जेवत होते आणि बापलेकीचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"हे वरन हाय का? मीठ कुठी हाय याच्यात?"

"मीठ बरोबर हाय. तुमची जीभ गेली."

"माही जीभ गेली? मास्तर, बरं झालं आले. तुमी चाखा अन् सांगा."

मी चाखलं. मीठ बरोबर होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, मास्तर लोकांना चव नसते. मी राळेगावचं सांगितलं, त्यांनी मान हलवली, "जा जा, चांगलं गाव हाय," म्हणाले, आणि पुन्हा वच्छलाकडे वळले. गेल्या रविवारचं कसं अळणी होतं आणि त्याच्या आधीच्या रविवारची भाजी कशी करपली होती, हे त्यांनी तिला मोठ्या आवाजात, तारीखवार ऐकवलं. ती कमरेवर हात ठेवून तेवढ्याच मोठ्यानं उत्तरं देत होती. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा नावं ठेवता ठेवता त्यांनी ताट पुढे केलं होतं, आणि ती तिसऱ्यांदा वरण वाढत होती.